‘डॉक्टर, तुम्हीच ठरवा’ म्हणण्याआधी: कॅन्सरच्या उपचारात रुग्णाने आपलं म्हणणं कसं मांडायचं

ताईच्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले होते. त्या दिवशी केमो ठरायची होती. डॉक्टर सहा महिन्यांचं वेळापत्रक समजावून सांगत होते आणि आम्ही दोघी बहिणी माना डोलावत होतो. बोलणं संपलं, फाईल मिटली, खुर्च्या सरकल्या. उठता उठता ताई म्हणाली, "डॉक्टर, मला सुई धरता येईल ना?"

ताई पस्तीस वर्षं शिवणकाम करते. काजं ती अजून हातानेच करते. डॉक्टरांनी फाईल पुन्हा उघडली आणि आम्हाला बसायला सांगितलं. केमोत ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं औषध होतं. त्याने हातापायांच्या नसांना इजा होते, बोटं बधिर होतात आणि काहींचा बधिरपणा वर्षानुवर्षं जात नाही. मग त्यांनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं. तिसऱ्या स्टेजच्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये केमो तीन महिने द्यावी की सहा, हे १२,००० हून जास्त रुग्णांमध्ये तपासलं होतं आणि निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ताईसारख्या कमी जोखमीच्या रुग्णांत, तिला सुचवलेली औषधांची जोडी घेतल्यास, तीन वर्षांनी कॅन्सर परत न येता जगणाऱ्यांचं प्रमाण तीन महिन्यांच्या गटात सुमारे ८५ टक्के आणि सहा महिन्यांच्या गटात सुमारे ८३ टक्के होतं. नसांचा मध्यम किंवा तीव्र त्रास मात्र सहा महिने औषध घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे ४५ जणांना झाला होता आणि तीन महिने घेणाऱ्या सुमारे १५ जणांना.

ताईने तीन महिने निवडले. डॉक्टरांनाही ते पटलं.

तिच्या फाईलमध्ये तोवर सगळं होतं: गाठीची जाडी, किती लिम्फ नोड काढले, त्यातल्या किती नोडमध्ये कॅन्सर होता, रक्ताचे आकडे. ती शिवते, एवढंच कुठे लिहिलेलं नव्हतं. ते लिहिणार तरी कोण? ते फक्त तिला ठाऊक होतं, आणि तेही उठता उठता, योगायोगाने बोललं गेलं. तुमच्या किंवा तुमच्या माणसाच्या बाबतीत ते योगायोगावर राहू नये म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. त्यामुळे कोणता उपचार घ्यावा हे मी सांगणार नाही. तो ठरत असताना तुम्ही काय करू शकता एवढंच सांगेन.

मुळात निवडायला काही असतं का?

पुष्कळ वेळा असतं. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली १९७६ मध्ये एक चाचणी सुरू झाली. स्तनाचा कॅन्सर झालेल्या काही स्त्रियांचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ काढली आणि काहींची गाठ काढून वर रेडिएशन दिलं. वीस वर्षांनी, २००२ मध्ये, आकडे आले तेव्हा तिन्ही गटांत जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. फरक होता तो त्याच स्तनात कॅन्सर पुन्हा येण्यात: नुसती गाठ काढलेल्यांत सुमारे ३९ टक्के, रेडिएशन घेतलेल्यांत सुमारे १४ टक्के. म्हणजे लवकर सापडलेल्या अनेक गाठींच्या बाबतीत ‘स्तन ठेवून रेडिएशन’ आणि ‘पूर्ण स्तन काढणं’ हे दोन्ही रास्त रस्ते आहेत. त्यातला कोणता घ्यायचा, हे त्या बाईच्या शरीराबद्दलच्या भावनेवर, रोज रेडिएशनला जाणं तिला जमेल की नाही यावर आणि पुन्हा गाठ येण्याची भीती तिला किती छळेल यावर ठरतं.

प्रोस्टेटचंही तसंच आहे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत प्रोस्टेटपुरताच मर्यादित कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांचे तीन गट केले होते: नुसती देखरेख, ऑपरेशन आणि रेडिएशन. पंधरा वर्षांनी तिन्ही गटांत प्रोस्टेटच्या कॅन्सरने दगावलेले साधारण तीन टक्केच होते. देखरेखीच्या गटात कॅन्सर शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण जास्त होतं. ऑपरेशनच्या गटात लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांचा त्रास जास्त होता. या दोन त्रासांपैकी तुम्हाला कोणता झेपेल, हे कुठल्याही रिपोर्टमधून कळत नाही.

काही कॅन्सरमध्ये मात्र रस्ता एकच असतो आणि त्याच्यापुढे दुसरं काही टिकत नाही. तिथेही कधी सुरू करायचं, कुठे घ्यायचं, त्रास झाला तर काय करायचं, असे निर्णय उरतातच.

पहिली पायरी: वेळ किती आहे ते विचारा

निदान ऐकल्यावर वाटतं की आत्ता, या क्षणी काहीतरी करायलाच हवं. या घाईत बरेच निर्णय होऊन जातात. म्हणून पहिला प्रश्न हा: "डॉक्टर, हे आजच ठरवायला हवं का? आठवड्याने ठरवलं तर काय बिघडेल?"

कधी उत्तर ‘हो, आजच’ असं येतं आणि ते खरं असतं. रक्ताचा तीव्र कॅन्सर, गाठीमुळे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवर आलेला दाब, आतडं पूर्ण बंद होणं, श्वास कोंडणं, अशा वेळी तास मोजावे लागतात. तिथे थांबू नका. पण बहुतेक घट्ट गाठींच्या कॅन्सरमध्ये एखाददोन आठवडे विचारात, तपासण्यांत आणि दुसऱ्या डॉक्टरांना विचारण्यात गेले तर नुकसान होत नाही. हे तुम्ही आपल्या मनाने धरून चाला, असं मी सांगत नाही. तुमच्या बाबतीत ते खरं आहे का, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐका. आणि मिळालेला आठवडा वापरा. ‘बघू, पुढच्या महिन्यात’ म्हणत दोन-तीन महिने काढणं ही निराळीच गोष्ट आहे, तिने खरंच नुकसान होतं.

हा वेळही रुग्णांनी मागून मिळवलेला आहे. १९७० च्या दशकापर्यंत स्तनाच्या गाठीची तपासणी आणि ऑपरेशन एकाच भुलीत उरकायची पद्धत होती. बाई टेबलावर असतानाच गाठीचा तुकडा तपासायचा आणि कॅन्सर निघाला तर लगेच स्तन काढायचा. शुद्धीवर आल्यावर छातीला हात लावून तिने काय ते समजून घ्यायचं. रोझ कुशनर या अमेरिकी पत्रकार बाईंना १९७४ मध्ये स्वतःला गाठ सापडली. आधी फक्त तपासणी करा, पुढचं मी विचार करून सांगते, असा आग्रह त्यांनी धरला आणि नंतर तो सगळ्याच बायकांसाठी लावून धरला. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनीही दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या टप्प्यांत कराव्यात असंच सांगितलं.

दुसरी पायरी: आपला कॅन्सर नेमका कोणता, ते एका कागदावर आणा

‘फुफ्फुसाचा कॅन्सर’ एवढ्या माहितीवर काहीच ठरत नाही. एका कागदावर पुढच्या गोष्टी डॉक्टरांकडून लिहून घ्या किंवा त्यांच्यासमोर लिहून वाचून दाखवा: कॅन्सर सुरू कुठून झाला, पेशींचा प्रकार कोणता, स्टेज किती, ग्रेड किती, आणि कोणते मार्कर (म्हणजे कॅन्सरच्या पेशींची ओळख पटवणाऱ्या खुणा) किंवा जनुकीय बदल सापडले.

स्टेज आणि ग्रेड यांत फार गोंधळ होतो. स्टेज म्हणजे कॅन्सर किती वाढला आणि कुठवर पोचला. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात. रिपोर्टवर ‘ग्रेड तीन’ वाचून तिसरी स्टेज समजून रात्रभर रडलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांची स्टेज पहिली होती.

मार्करच्या रिपोर्टला वेळ लागतो, आणि नेमका त्याच्यावरच उपचार पालटू शकतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू, फुफ्फुसाच्या काही प्रकारांत ईजीएफआर आणि एएलके. यांतल्या काहींचा निकाल पॉझिटिव्ह आला तर केमोऐवजी गोळी सुरू होऊ शकते. म्हणून विचारा: "उपचार ठरवण्याआधी आणखी कुठला रिपोर्ट यायचा आहे का? तो येईपर्यंत थांबणं सुरक्षित आहे का?"

सगळ्या रिपोर्टच्या प्रती स्वतःजवळ ठेवा. बायोप्सीच्या काचेच्या स्लाइड आणि मेणात जतन केलेला तुकडा, ज्याला ब्लॉक म्हणतात, तो कुठे आहे हेही माहीत असू द्या. दुसरं मत घ्यायला गेलात की पहिल्यांदा तेच मागतात.

तिसरी पायरी: उपचार कशासाठी, हे स्पष्ट विचारा

सगळ्यात अवघड पायरी हीच. पुष्कळ जण इथून न थांबता पुढे जातात, कारण प्रश्न तोंडातून निघत नाही.

कॅन्सरचे उपचार ढोबळमानाने तीन कारणांसाठी असतात. कॅन्सर पूर्ण घालवायचा. पूर्ण जाणार नसेल तर जमेल तितका काळ आटोक्यात ठेवायचा. किंवा दुखणं, धाप, उलट्या असा त्रास कमी करायचा. औषध तेच असू शकतं, सलाईनही तसंच लागतं. म्हणून बाहेरून बघून हेतू कळत नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शरीरभर पसरलेल्या कॅन्सरसाठी केमो घेणाऱ्या रुग्णांना विचारलं होतं की या केमोने तुम्ही बरे व्हाल असं वाटतं का. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या ६९ टक्के आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८१ टक्के रुग्णांना, केमोने कॅन्सर बरा होण्याची शक्यता जवळजवळ नाही, हे उमगलेलं दिसलं नाही.

यात डॉक्टरांनी खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. "आपण औषध सुरू करू, बघू कसा प्रतिसाद येतो" या वाक्यात डॉक्टर एक बोलतात, आपण दुसरं ऐकतो. ‘प्रतिसाद’ म्हणजे स्कॅनवर गाठ लहान दिसणं. ‘बरं होणं’ म्हणजे ती कायमची जाणं. या दोहोंत फार अंतर आहे.

म्हणून थेट विचारा: "या उपचाराने कॅन्सर कायमचा जाईल, अशी अपेक्षा आहे का? नसेल, तर यातून मला काय मिळेल?" हे शब्द जड जात असतील तर कागदावर लिहून कागद पुढे करा. ते चालतं.

उत्तर ऐकायची तयारी नसेल तर तेही सांगायचा तुम्हाला हक्क आहे. "मला आज एवढंच सांगा, बाकीचं माझ्या मुलीला सांगा" असं म्हणता येतं. फक्त ते तुम्ही ठरवलेलं असावं, दुसऱ्या कोणी परस्पर ठरवलेलं नसावं.

इथे पॅलिएटिव्ह केअरबद्दल, म्हणजे दुखणं आणि इतर त्रास कमी करणाऱ्या देखभालीबद्दल, एक गोष्ट. हा शब्द ऐकला की ‘आता सगळं संपलं’ असं वाटतं आणि माणसं पळतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या काही रुग्णांना निदानापासूनच नेहमीच्या उपचारांच्या जोडीला पॅलिएटिव्ह टीम दिली होती. त्यांचं जगणं जास्त सुसह्य होतं, नैराश्य कमी होतं, शेवटच्या दिवसांत आक्रमक उपचार कमी घेतले गेले, आणि तरीही त्यांचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, ११.६ महिने भरलं. दुसऱ्या गटाचं ८.९. दुखणं आटोक्यात आणणारी माणसं सुरुवातीपासून मागा. त्यासाठी केमो सोडावी लागत नाही.

चौथी पायरी: पर्याय आणि त्यांचे आकडे

तीन प्रश्न पाठ करा: माझ्यापुढे कोणकोणते पर्याय आहेत, ‘आत्ता काही न करता लक्ष ठेवणं’ धरून? प्रत्येकाचा फायदा काय आणि तोटा काय? माझ्यासारख्या माणसाच्या बाबतीत तो फायदा आणि तो तोटा होण्याची शक्यता किती?

तिसरा प्रश्न सोडू नका. ‘याने फायदा होतो’ हे वाक्य आकड्याशिवाय अपुरं आहे, आणि आकडाही कसा सांगितला जातो यावर आपलं मन फिरतं. समजा, ऑपरेशननंतर औषध न घेतल्यास शंभरातल्या दहा जणांचा कॅन्सर परत येतो आणि औषध घेतल्यास पाच जणांचा. ‘धोका निम्म्याने कमी होतो’ हे खरं आहे. ‘शंभरातल्या पाच जणांना फायदा होतो’ हेही तितकंच खरं आहे. पहिलं ऐकून माणूस लगेच हो म्हणतो, दुसरं ऐकून थांबतो. उरलेल्या ९५ पैकी ९० जणांचा कॅन्सर औषधाविनाही परत आला नसता आणि पाच जणांचा औषध घेऊनही आला. पाच जणांत आपण असू या आशेवर औषध घेणं पूर्णपणे रास्त आहे. ते तसं घेतो आहोत हे कळून घ्यावं, इतकंच. म्हणून सांगा: "डॉक्टर, शंभर माणसांच्या हिशेबात सांगा. घेतल्यावर किती, न घेता किती."

शब्दांचाही असाच परिणाम होतो. १९८२ मधल्या एका प्रयोगात फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनबद्दल काहींना ‘शंभरातले ९० वाचतात’ असं सांगितलं आणि काहींना ‘शंभरातले १० दगावतात’ असं. गोष्ट एकच, पण दुसऱ्या पद्धतीने ऐकणाऱ्यांत ऑपरेशन निवडणारे कमी निघाले. हे फक्त रुग्णांचं झालं नाही, डॉक्टरांचंही तसंच झालं. तेव्हा कुठलाही आकडा ऐकला की मनात एकदा उलटा करून बघा.

आणि ‘किती दिवस’ याचं उत्तर मध्यकात मिळालं तर ते शेवटची तारीख म्हणून ऐकू नका. मध्यक आठ महिने म्हणजे निम्मे रुग्ण आठ महिन्यांपेक्षा जास्त जगले, त्यातले काही फार जास्त. पुराजीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये मेसोथेलिओमा या दुर्मीळ कॅन्सरचं निदान झालं तेव्हा पुस्तकात आठ महिन्यांचाच मध्यक होता. ते २००२ पर्यंत जगले. सगळ्यांचं असं होईल असं मी म्हणत नाही. पण आपण त्या रेषेच्या कुठल्या बाजूला असण्याची शक्यता आहे, आपलं वय, तब्येत, कॅन्सरचा प्रकार यांमुळे पारडं कुणीकडे झुकतं, हे विचारता येतं.

काही ठिकाणी आता गाठीच्या जनुकांची चाचणी करून केमोचा फायदा होईल की नाही याचा अंदाज बांधता येतो. स्तनाच्या हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या, हर-टू नसलेल्या आणि काखेत न पोचलेल्या कॅन्सरमध्ये २१ जनुकांची अशी चाचणी आहे. दहा हजारांहून जास्त स्त्रियांच्या अभ्यासातून २०१८ मध्ये दिसलं की या चाचणीत मधले गुण आलेल्या बहुतेक स्त्रियांना केमोशिवाय नुसत्या हार्मोनच्या गोळ्याही तितक्याच पुरतात. पन्नाशीच्या आतल्या काहींना मात्र केमोचा थोडा फायदा होता. अशी चाचणी तुमच्या प्रकारासाठी आहे का, हे विचारायला विसरू नका. ती महाग असते, तेव्हा निकालाने निर्णय खरंच बदलणार आहे का, हेही विचारा.

पाचवी पायरी: फाईलमध्ये नसलेलं तुम्ही सांगा

ताईची सुई आठवा. बाकी सगळं डॉक्टरांकडून घ्यायचं आहे. हे एवढं तुम्ही द्यायचं आहे.

भेटीच्या आदल्या दिवशी निवांत बसून तीन-चार ओळी लिहा. मी रोज काय करतो, ज्याच्याशिवाय मी मी राहणार नाही? कुठला त्रास सोसेन, कुठला नाही? पुढच्या वर्षभरात काय चुकवायचं नाही? कशाची सगळ्यात जास्त भीती वाटते? उत्तरं मोठी असायची गरज नाही. ‘गाडी चालवता आली पाहिजे.’ ‘चव गेली तरी चालेल, डोकं स्वच्छ राहिलं पाहिजे.’ ‘आईकडे बघणारी मी एकटीच आहे.’ प्रत्येक ओळ उपचार बदलेलच असं नाही, पण डॉक्टरांसमोर आली तर बदलू शकते.

स्वरयंत्राच्या कॅन्सरचं उदाहरण घ्या. एके काळी वाढलेल्या कॅन्सरसाठी पूर्ण स्वरयंत्र काढणं हाच रस्ता होता. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत आधी केमो आणि मग रेडिएशन दिलं, तर सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांचं स्वरयंत्र वाचलं आणि दोन वर्षांनी जगणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत ६८ टक्के होतं. त्याआधी, १९८१ मध्ये, काही निरोगी माणसांना विचारलं होतं की आवाज टिकवण्यासाठी जगण्याची थोडी शक्यता सोडाल का. पाचातला साधारण एक जण हो म्हणाला. बाकीचे चार नाही म्हणाले. समोर बसलेला माणूस त्या एकात आहे की चारांत, हे घशाच्या स्कॅनमध्ये दिसत नाही.

यात एक गोष्ट अशी आहे की ती उपचारानंतर सांगून उपयोग नसतो: मूल. केमो, ओटीपोटाचं रेडिएशन आणि काही हार्मोनचे उपचार यांनी मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. वीर्य किंवा बीजांडं आधी गोठवून ठेवता येतात, पण उपचार सुरू होण्यापूर्वीच. तुमचं वय लहान असेल आणि डॉक्टरांनी विषय काढला नाही, तर तुम्ही काढा. लाज वाटली तरी काढा. लग्न झालेलं नसलं तरी काढा.

पैशांचंही उघड बोला. न झेपणारा उपचार दोन सायकलनंतर, म्हणजे केमोच्या दोन फेऱ्यांनंतर, मध्येच तुटण्यापेक्षा, पहिल्याच दिवशी "इतकं जमेल, यात चांगल्यात चांगलं काय होईल" असं विचारलेलं बरं. येण्याजाण्याचंही तसंच. रेडिएशन म्हणजे बहुधा आठवड्यातले पाच दिवस, कित्येक आठवडे. ते कमी दिवसांत बसवणारी वेळापत्रकं काही कॅन्सरसाठी आहेत. विचारल्याशिवाय ती कळत नाहीत.

सहावी पायरी: भेटीच्या खोलीत

कोणाला तरी सोबत न्या आणि त्याला एकच काम द्या, लिहायचं. धीर द्यायला वेगळं माणूस असेल तर उत्तम. फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा. प्रश्न पंधरा असतील, पण वेळ दहा मिनिटांचा असतो, तेव्हा महत्त्वाचे तीन वर लिहा आणि बसल्या बसल्या सांगा: "आज मला हे तीन विचारायचे आहेत." शेवटी आपल्या शब्दांत परत बोलून दाखवा: "म्हणजे मला असं समजलं, की..." चुकलं असेल तर डॉक्टर तिथेच दुरुस्त करतील. आमच्या बाबतीत या एका सवयीने दोनदा मोठा गैरसमज वाचला.

घरची माणसं

"त्यांना काही सांगू नका, खचतील." डॉक्टरांच्या खोलीबाहेर, दबक्या आवाजात हे मायेपोटीच बोललं जातं. पण ज्याला सांगितलेलं नसतं त्यालाही कळत असतं: कुजबुज थांबते, फोन दुसऱ्या खोलीत घेतले जातात, कोणी नजर देत नाही. मग तोही तुमच्यासाठी नाटक करू लागतो आणि जे बोलायचं ते दोन्हीकडे राहून जातं. आधी त्यालाच विचारा: "तुझ्या आजाराबद्दल तुला किती जाणून घ्यायचंय?" उत्तर येईल ते पाळा.

आणि रुग्ण असाल तर ठरवण्याचं काम किती अंगावर घ्यायचं हेही ठरवा. कॅनडातल्या लेस्ली डेग्नर यांनी यासाठी पाच कार्डं तयार केली होती. एका टोकाला ‘मीच ठरवणार’, दुसऱ्या टोकाला ‘सगळं डॉक्टरांवर’, मध्ये ‘दोघं मिळून’. कॅन्सरचे रुग्ण या पाचही कार्डांवर सापडतात. ‘डॉक्टर, तुम्हीच ठरवा’ हेही खरं उत्तर आहे, कमीपणाचं मुळीच नाही. फक्त पाचवी पायरी झाल्यावर ते म्हणा, म्हणजे डॉक्टर ठरवतील ते तुम्हाला ओळखून ठरवतील.

दुसरं मत आणि संमतीपत्र

दुसरं मत मागितलं तर डॉक्टर रागावतील, ही भीती बहुतेकांना असते. "एवढा मोठा निर्णय आहे, आणखी एकांना दाखवून येतो, रिपोर्ट द्याल का?" इतकं सरळ विचारा. शक्य असेल तिथे सर्जन, केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून चर्चा करतात त्या ट्यूमर बोर्डपुढे आपली केस ठेवायची विनंती करा. दोन मतं जुळली नाहीत तर पाच जणांकडे पळू नका. त्या दोघांनाच विचारा की फरक नेमका कशामुळे आहे.

संमतीपत्र ऑपरेशनच्या दारात, कपडे बदलल्यावर वाचायची गोष्ट नाही. आदल्या दिवशी मागा. क्लिनिकल ट्रायल, म्हणजे उपचाराची रुग्णांवर होणारी चाचणी, सुचवली तर तीन गोष्टी समजून घ्या: कोणत्या गटात जायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं का, ट्रायलबाहेर राहिलात तर कोणता उपचार मिळेल, आणि मध्येच बाहेर पडायचं तर कसं. बाहेर पडण्याचा हक्क कायम असतो, कारण द्यावं लागत नाही.

पर्यायी औषधं, काढे, पावडरी घेत असाल तर डॉक्टरांना नावासकट सांगा. काहींचा केमोशी खटका उडतो. मुख्य उपचार सोडून फक्त त्यांच्यावर जाऊ नका. बरे होण्यासारखे कॅन्सर असूनही फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीच पट आढळला आहे.

उपचार सुरू झाल्यावर

सही केली म्हणजे निर्णय संपला असं नसतं. पहिल्या स्कॅननंतर, त्रास वाढल्यावर, सायकल पुढे ढकलावी लागल्यावर तो पुन्हा उघडतो. डोस कमी करणं, औषध बदलणं, काही दिवस थांबणं, पूर्ण थांबणं, हे सगळे पर्याय शेवटपर्यंत असतात. "आता पुरे" म्हणणाऱ्या माणसाने हार मानली असं बोलणाऱ्यांपासून त्याला वाचवा.

त्यासाठी त्रास सांगावा लागतो, आणि आपण तो गिळतो. डॉक्टरांनी "कसं काय?" विचारलं की "बरं आहे" निघून जातं. पसरलेल्या कॅन्सरच्या ७६६ रुग्णांच्या एका अभ्यासात काहींनी आपला त्रास नियमितपणे संगणकावर नोंदवला आणि तो वाढला की नर्सना निरोप जात असे. त्या गटाचं मध्यक आयुष्य ३१.२ महिने निघालं, नेहमीसारखी देखभाल मिळालेल्यांचं २६. केमो चालू असताना ३८ अंश सेल्सिअस ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, त्याच घटकेला फोन करा.

ताईला नोंदवही लिहायचा कंटाळा. तिने वेगळंच काढलं. प्रत्येक सायकलच्या आदल्या दिवशी पांढऱ्या कापडाची एक पट्टी घ्यायची, तांबड्या दोऱ्याने तिच्यावर वीतभर धावदोरा घालायचा आणि तारीख टाकायची. पहिल्या पट्टीवर टाके मुंगीच्या रांगेसारखे. दुसऱ्या खेपेला फ्रीजमधली बाटली धरली की बोटांना झटका बसायचा, पण टाके बरे होते. तिसरी पट्टी तिने डॉक्टरांच्या टेबलावर पहिल्या दोघींच्या शेजारी ठेवली. अर्ध्यापासून टाके लांब पडत गेले होते, दोन ठिकाणी सुई बोटात गेल्याचे ठिपके होते. डॉक्टर बराच वेळ त्या तीन पट्ट्या बघत राहिले. मग त्यांनी चौथ्या सायकलचा ऑक्सॅलिप्लॅटिनचा डोस कमी केला आणि पट्ट्या टाचणी लावून फाईलमध्ये ठेवल्या.